धुतलेलं बियाणं

घरणी नदी आमच्या गावापाशी वळण घेते आणि त्या वळणात, महादेवाच्या देवळाखाली, डोह आहे. नदी आटली तरी डोह आटत नाही असं म्हातारे सांगायचे. त्या सालानं म्हाताऱ्यांना खोटं पाडलं. लातूर उस्मानाबादेतून सुटून वेगळा जिल्हा झाला होता, कचेऱ्यांना नवा रंग लागला होता, साहेबांच्या जीपा धुरळा उडवत येत-जात होत्या. पाऊस मात्र लागोपाठ दुसऱ्या वर्षीही फिरकला नाही. कुणी एक साहेब आला, डोहाचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला, आणि मग निरोप आला की पाणी पिण्यालायक आहे. ते खोटं नव्हतं. पाणी खरंच चांगलं होतं. गाव तेच पीत होतं.

डोहातल्या माशांना कुणी हात लावत नसे. देवाचे मासे. भोई लोक नदीत वर-खाली कुठंही जाळं टाकायचे, डोहात नाही. त्यांना तसं बजावणारे स्वतः मासे खाणारे नव्हते. दुसऱ्याच्या ताटातलं सोडायला सांगायचं असलं की माणूस फार धार्मिक होतो.

पण सिद्धम्मा, सगळ्यांची अव्वा, तशी नव्हती. ती कुणाला काही बजावत नसे. रोज सकाळी लिंगपूजा आटोपली की ती शेवटच्या पायरीवर यायची आणि पितळी तांब्या दगडावर ठकठक वाजवायची. तेवढ्यानं मासे वर यायचे. पदरातलं धान्य ती मूठमूठ सोडायची आणि ज्याला त्याला नावानं बोलवायची. एका थोराड रोहूची शेपटी कासवानं की कशानं फाडलेली होती. ती सिद्धम्माची लाडकी. तिचं नाव फाटकी.

"ये ग, फाटके. ये माय. कामून तिरकी पोहायलीस आज? ऊन लागलं का?"

फाटकी गेल्या काही दिवसांपासून अंग एका कुशीवर टाकून पोहत होती. पाणी गुडघाभर उरलेलं, वरून वैशाखाचं ऊन. मासोळीला उन्हाचा त्रास होत असणार, असं सिद्धम्मानं धरलं. तोंडात दात उरले नव्हते, लेकाचा संसार सुनेच्या हातात गेला होता, नात नांदेडला कॉलेजात. दिवसभरात तिच्या हातून काही घेऊन खाणारं असं हेच एक उरलं होतं.

त्या सकाळी केवळाबाई येऊन वरच्या पायरीवर उभी राहिली. ज्ञानोबा भोयाची बायको. तिचा आवाज एरवी नदीच्या पल्याड ऐकू जायचा. आज ती खालच्या आवाजात बोलली.

"अव्वा, एक बोलायचंय."

"बोल की. उभी कामून? टेक."

"टेकायला सवड न्हाई. आमची सिंधु आलीय न उमरीहून, पोरगी झाली तिला."

"ऐकलं बाई. कशी हाय?"

"पोरगी हाय झकास, डोक्याला हे एवढाले केस. पन आईला दूधच न्हाई, अव्वा. लेकरू चोखून चोखून दमतंय आन टाहो फोडतंय. शेळी व्हती ती इकून बसलो. मी आन तिचा बाप हमीच्या कामावर खडी फोडायलाव, हितं पोरगी भिताडाकडं तोंड करून रडत बसती. म्हनती, माय, माझ्यातच खोट हाय."

सिद्धम्मानं तांब्या पायरीवर ठेवला.

"देवळाच्या पंचांनी काल ह्यांला बलावलं," केवळाबाई म्हणाली. "म्हनले, आठवड्यात डोहाचा चिखल व्हनार, मासे मरून वास सुटनार, तवा भोयानंच काढून न्यावं. आता चालतंय म्हनं. आजवर देवाचे व्हते, वास सुटायच्या टायमाला भोयाचे झाले."

"मग न्या की. मला कशाला इचारतीस?"

"पंचांनी कधी मूठभर चारलं का त्यांला? तुम्ही चारलंय. तुम्ही न्हाई म्हनलाव तर आम्ही न्हाई टाकनार जाळं. ह्यांनीच सांगून धाडलंय."

सिद्धम्मा पाण्याकडं बघत बसली. फाटकी पायरीला घासून तोंड उघडत-मिटत होती, आणखी मागत होती.

"बाळंतिणीला कंची मासोळी चालती?" तिनं विचारलं. उभ्या जन्मात तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

"मरळीचा रस्सा लई गुनाचा. पन मरळ कुठं राहिली आता? मग गुबगुबीत आसंल ती. चरबीची मासोळी पोटात गेली की दूध उतरतंय."

"फाटकीला घे मग."

"अव्वा..."

"तीच सगळ्यात चरबीची हाय. चिखलात तडफडून मरन्यापरीस लेकराच्या कामी येऊ दे. फकस्त मी हितं नसताना काढा. मला बघवनार न्हाई." मग पदर झटकत ती उठली. "आन तांब्या वाजवून बलावू नका. जाळ्यानंच धरा."

केवळाबाईनं खाली वाकून तिच्या पायापुढच्या पायरीला हात लावला. पायाला लावला नसता; मासळीचा हात.

* * *

आता ती जे धान्य चारायची त्याबद्दल.

सिद्धम्माचा लेक शिवलिंग याचं हमरस्त्यावर बी-बियाण्यांचं आणि औषधाचं दुकान. संकरित ज्वारीचं बियाणं पोत्यानं यायचं. किडीनं, बुरशीनं खाऊ नये म्हणून त्याला कंपनीतूनच औषध चोळलेलं असायचं, आणि ते खायचं नाही हे कळावं म्हणून वर लाल रंग. पोत्यावर कवटीचं चित्र आणि खाली इंग्रजीत बारीक मजकूर. आमच्या गावात तो इंग्रजी मजकूर वाचणार कोण? ज्याला वाचता येतं तो पेरत नाही, जो पेरतो त्याला वाचता येत नाही. कंपनीला हे ठाऊक नसेल असं मी मानत नाही.

पाऊस नाही म्हणून पेरण्या नाहीत, पेरण्या नाहीत म्हणून बियाणं तसंच पडून. मुदत संपली. शिवलिंगनं ती पोती मागच्या सोप्यात टाकली.

सिद्धम्मानं ती बघितली आणि तिचा जीव कळवळला. बाहेर माणसं पसाभर ज्वारीसाठी खडी फोडतायत आणि घरात पोती कुजतायत.

"शिवा, गाईला घालू का रे थोडं?"

"अगं, बेडा, नको! औषध हाय त्याला. जनावराला घालू नकोस."

"धुऊन घातलं तर?"

"बेडा म्हनलं ना, अव्वा."

"मग माशाला?"

शिवलिंग गिऱ्हाइकाशी बोलत होता. मान वर न करता म्हणाला, "माशाला काय व्हतंय? पाण्यातच ऱ्हातेत ते."

सिद्धम्मानं तरीही काळजी घेतली. तिच्यासारखी काळजी गावात कुणी घेत नव्हतं. आंघोळीचं, भांड्याचं उरलेलं पाणी ती साठवायची आणि दगडी डोणीत बियाणं घालून दोन्ही हातांनी चोळायची. पहिलं पाणी कुंकवासारखं निघायचं, पुढचं फिकं. पाणी अगदी निर्मळ निघेस्तोवर ती थांबत नसे. मग धान्य सुपात वाळवायची. दाणे पांढरेशुभ्र दिसायचे. तिची नखं आणि हाताच्या रेषा मात्र लाल राहायच्या. मेंदी लावल्यागत. गेल्या पावसाळ्यापासून ती हेच करत होती.

* * *

दुसऱ्या दिवशी ज्ञानोबानं पहाटे जाळं टाकलं. सिद्धम्मा घरातच बसून राहिली. तांब्या घासायचा म्हणून घासला, पुन्हा घासला. दुपारच्या यष्टीनं नात महानंदा नांदेडहून सुट्टीला आली. बी.एस्सी.ला होती. पाणी पिऊन होतंय न होतंय तोच तिनं आजीचे हात हातात घेतले.

"अव्वा, काय हे? कुणाच्या लग्नाची मेंदी?"

"माझ्याच," सिद्धम्मा म्हणाली. "म्हातारपनी जमवलंय." मग हसणं तोंडावरच विरलं आणि तिनं नातीला सगळं सांगितलं. डोह आटला ते, केवळाबाई आली ते, फाटकी दिली ते. "रडायचं न्हाई आसं ठरवलंय बग मी. लेकराच्या तोंडी जाणार हाय ती. चांगलंच झालं की."

महानंदा हसली नाही. तिनं आजीची बोटं उलटी-सुलटी करून बघितली.

"हा रंग बियाण्याचा हाय का?"

"हाव. पन मी धुऊनच घालत व्हते. पाणी पांढरं व्हईस्तोवर."

"अव्वा, रंग धुतला जातो. औषध न्हाई जात."

"आसं कसं? रंग गेला मंजी गेलंच की."

"रंग नुस्ता वरनं लावतेत, कळावं म्हणून. औषध दाण्याला धरून बसलेलं आसतंय. आमाला सरांनी शिकवलंय हे. मासा दाणा खातो न, दाणा पचतो, पन औषध पचत न्हाई. त्याच्या मांसात, चरबीत जाऊन बसतंय. आज थोडं, उद्या थोडं. बाहेर पडायचं नावच न्हाई. पाणी तपासलं तर पाणी साफ निघंल. पाण्यात न्हाईच ते, माशात हाय. दान्यातून गेलेलं."

"म्हणून ती तिरकी पोहत व्हती..." सिद्धम्मा हळूच म्हणाली. मग तिला आणखी काही आठवलं. "मागच्या पंधरवड्यात पायरीपाशी बगळा पडला व्हता. मान अशी पिळल्यागत. मी म्हनलं, तहानेनं मेला. तहानेनं कसा मरंल ग? पान्यातच उभा राहून मासे टिपायचा तो."

"जास्त कुणी खाल्लंय त्यातलं?"

"कुणी मंजी?"

"कंच्या माशानं, अव्वा?"

सिद्धम्मानं हात मागं ओढून घेतले. दुसऱ्या माशांना ढकलून जी पुढं यायची, तिच्या हातातून खायची, गेल्या पावसाळ्यापासून जिचं अंग दुप्पट भरलं होतं, तिचं नाव तिला घेता येईना.

शिवलिंग जेवायला घरात आला होता. महानंदा त्याच्याकडं वळली. "बाबा, तुम्ही सांगितलं न्हाई अव्वाला?"

"सांगितलं की! जनावराला घालू नको म्हनलो. आता माशाचा कोन इचार करतंय? आपन काय खातो का ते?"

आपण काय खातो का ते. लेखक म्हणून माझी अक्कल थोडीच आहे, शाळा तर त्याहून थोडी, पण आमच्या गावाचा सगळा कारभार मी ह्या एका वाक्यात लिहून देतो. जे आपल्या ताटात नाही ते कुणाच्याच ताटात नाही.

"आन आईनं खाल्लं तर दुधात उतरतंय का ग?" सिद्धम्मानं विचारलं.

महानंदानं मान हलवली. उतरतंय.

म्हातारी चप्पल न घालता निघाली.

* * *

भोईगल्ली देवळाच्या मागं, उतारावर. सिद्धम्मानं ती लांबून पाहिलेली. आत पाय कधी टाकला नव्हता, नाकाला पदर लावून वरच्या वाटेनं जायची. आज तिनं पदर लावला नाही. दोनदा ठेच लागली. महानंदा मागून धावत होती.

केवळाबाईच्या दारात ज्ञानोबा पाटीत मासे रचत बसला होता, वर ओला गोणपाट. बाजाराला न्यायची तयारी. आतून हळदीचा, लसणाचा वास येत होता.

"अव्वा! तुम्ही?" केवळाबाई लगबगीनं बाहेर आली. तोंड फुललेलं. "बसा, बसा. हे पोतं झटकते. रस्सा झालाच हाय बगा. वाढनारच व्हते तिला."

"खाल्ली का?"

"आजून न्हाई. मी एवढी मिठाची चव बगितली फकस्त."

"काढ ते चुलीवरनं."

"काय?"

"काढ, केवळे. खाऊ देऊ नको. टाकून दे."

केवळाबाईचं तोंड बदललं. आवाज नदीपल्याड जाणारा झाला.

"काल दिली आन आज परत मागायलाव? का हो? राती झोप न्हाई लागली का? देवाची मासोळी भोयाच्या गाडग्यात शिजायली ते बगवंना व्हय? मग काल न्हाई म्हनायचं व्हतं तोंडावर! माझ्या लेकीच्या तोंडाजवळ आलेला घास..."

"तसं न्हाई ग..."

"तसंच हाय! पिढ्यान् पिढ्या तसंच हाय!"

"केवळाकाकू, ऐका तरी," महानंदा म्हणाली. "त्यात औषध हाय. मासा दाणा खातो, आन..."

"तू थांब बाय. शिकल्याली हायस, तुझं खरंच आसंल. मला कळंल आसं कोन बोलनार हाय का हितं?"

सिद्धम्मा केवळाबाईच्या बाजूनं आत शिरली. आत अंधार आणि धूर. कोपऱ्यात बाजेवर सिंधु, मांडीवर पोर, समोर रिकामी ताटली. चुलीवर गाडगं रटरटत होतं. म्हातारीनं पदराचे दोन बोळे केले, गाडग्याच्या काठाला लावले आणि ते उचललं. रस्सा हिंदकळून तिच्या मनगटावर आला. तिनं पकड सोडली नाही. मागच्या दारानं बाहेर पडून राखेच्या खड्ड्यात गाडगं उपडं केलं. रश्श्यातून फाटक्या शेपटीचा तुकडा वर आला. म्हातारी तिथंच खाली बसली.

दारादारात बाया उभ्या होत्या.

केवळाबाईनं तिचं मनगट बघितलं. मासळीचा रस्सा, लिंगायताच्या म्हातारीच्या हातावर, गळ्यातल्या लिंगाच्या डबीवरही उडालेला. जिनं घरात कधी अंडं आणू दिलं नाही तिनं शिजलेल्या मासळीचं गाडगं स्वतःच्या पदरानं धरलं होतं. महानंदाच्या पुस्तकानं जे पटलं नसतं ते ह्यानं पटलं.

"अव्वा," तिचा आवाज खाली आला, "मंजी खरंच इख हाय त्यात?"

"मीच घातलं ग. ह्या हातानं." सिद्धम्मानं लाल तळवे पुढं केले. "लाल बियाणं. धुऊन धुऊन घातलं. वाटलं, धुतलं मंजी झालं. बाय माझी, सोनी माझी म्हणून म्हणून चारलं तिला. जितका जीव लावला तितकं भरलं तिच्यात. आन तीच तुला दिली. चांगली म्हणून दिली, केवळे."

केवळाबाई आत गेली. मग तिनं घागरीतलं पाणी आणून म्हातारीच्या भाजलेल्या हातावर हळूहळू सोडलं. त्या दिवसांत त्या पाण्याची किंमत काय होती ते दुष्काळ बघितलेल्यानंच समजून घ्यावं.

"मी चव बगितली की," ती अचानक म्हणाली. "आता मरते का मी?"

"एका घोटानं न्हाई मरत," महानंदा म्हणाली.

"बग हं. मेले तर तुझ्या मानगुटीवर बसंन. नांदेडला यीन शिकायला."

आत बाजेवर सिंधु हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

* * *

ज्ञानोबानं पाटीवरचा गोणपाट काढला, माशांकडं बघितलं. "किती दिसानं भरली व्हती पाटी," एवढंच म्हणाला आणि कुदळ घ्यायला गेला. नदीपासून लांब, खडकाळ माळावर खड्डा घेतला. सिद्धम्मानं शिवलिंगला बोलावणं धाडलं. तो उरलेली पोती बैलगाडीत घालून आला आणि गाडीजवळच उभा राहिला. म्हातारीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. त्यानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"शेठ, खोरं उलटं धरलंव," ज्ञानोबा म्हणाला.

त्यानं सुलटं धरलं. त्याच खड्ड्यात मासे गेले, बियाणं गेलं. वर दगड रचले.

पण सिंधुचं दूध? ते तर होतं तिथंच होतं.

संध्याकाळी सिद्धम्मा घरून गूळ, मेथ्या, हळीव घेऊन पुन्हा गल्लीत आली. तपेलीत गाईचं दूध होतं. केवळाबाईनं ते बघितलं. दारातून हलली नाही.

"घरी दूध व्हतं मंग, अव्वा?"

सिद्धम्मानं तपेली खाली ठेवली. होतं. थोडं होतं, पण होतं. मासोळी द्यायचं सुचलं, दूध द्यायचं सुचलं नाही. ह्याचं उत्तर मी तिच्या वतीनं बनवून देणार नाही.

"आन राग येऊ देऊ नका," केवळाबाई पुढं म्हणाली, "पन तुमच्या घरचं आता कसं खाऊ घालावं पोरीला? माझं मनच धजंना."

"तुझं खरं हाय," सिद्धम्मा म्हणाली. "तुझी ज्वारी दे. तुझ्याच चुलीवर करते. आन आदी मी खाते."

तिनं भोयाच्या चुलीपुढं बसून मेथ्यांची लापशी केली. पहिला घास वाटीतून स्वतः खाल्ला, दात नसलेल्या तोंडात घोळवून घोळवून, सगळ्यांना दिसेल असा. दुधाचा पहिला घोटही स्वतः घेतला. मग वाटी सिंधुपुढं केली. सिंधु खालच्या मानेनं खात राहिली आणि म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुझ्यात खोट न्हाई ग, माय. कोन म्हनलं? खा. आन पानी पी, पोटभर पी."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. लिंगपूजा आटोपली की जी पावलं डोहाकडं वळायची ती आता गल्लीकडं वळायला लागली. तिच्या नात्यातल्या बायांनी तिला पंगतीतून उठवायची भाषा केली. तिनं त्यांना सांगितलं, "उठवा. मला हल्ली उभ्यानंच खायची सवय झालीय."

दूध कशानं आलं ते मला सांगता येणार नाही. लापशीनं आलं असेल, पाण्यानं आलं असेल, सिंधुचं रडू थांबलं त्यानंही आलं असेल. एका सकाळी पोर प्यायली आणि न रडता झोपली. केवळाबाई दारात येऊन गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "आलं ग बायांनो, आलं!"

सिद्धम्मा तेव्हा दगडावर राखेनं हात घासत होती. पोरीला हात लावायच्या आधी ती रोज घासायची, कातडी सोलेस्तोवर. नखांतला लाल रंग काही जात नव्हता. म्हणून तिनं इतक्या दिवसांत पोरीला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. लांबूनच बघायची.

सिंधु पोर घेऊन बाहेर आली. "धरा, अव्वा."

"थांब, हात..."

"धरा की. रंगच हाय तो."

"आन औषध आसलं तर?"

सिंधुनं केवळाबाईकडं बघितलं. केवळाबाईनं तिच्या हातातून पोर घेतली आणि म्हातारीच्या ओल्या, राखेच्या मांडीवर ठेवली.

"घासून घासून हाताचं पीठ केलंव," ती म्हणाली. "आता पुरं करा आन माझ्या नातीला धरा. मला खडी फोडायला जायचंय."